आधी भावाकडे, मग वेदीकडे: घरातले आणि मंडळीतले भांडण मिटवण्याची रीत

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्याला एकदा समजावून सांगावे लागते. इथल्या माणसाला त्याची गरज नसते. काही दिवसांआड पाणी येते, त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि ज्या घरात एका नळजोडावर दोन चुली आहेत तिथे माणसांचे आवाजही चढतात. आमच्या घरात ते असे चढले की मी आणि माझा धाकटा भाऊ सात महिने एकमेकांशी बोललो नाही. त्या सात महिन्यांत आम्ही दोघांनी चर्चचा एकही रविवार चुकवला नाही. तो डावीकडच्या पंख्याखाली बसे, मी मागे खांबाच्या आडोशाला. कोणी विचारले तर आम्हा दोघांचेही उत्तर एकच असे: "मी त्याच्यासाठी प्रार्थना करतो आहे."

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कारभारात बरीच वर्षे काढल्यावर माझे असे मत झाले आहे की आपली भांडणे लांबतात, त्याचे मोठे कारण हेच वाक्य आहे. प्रार्थना करतो म्हटले की जाऊन भेटण्याचे टळते, शिवाय आपण मोठ्या मनाचे ठरतो. प्रभू येशूने मात्र भांडणाच्या बाबतीत एक क्रम घालून दिला आहे, आणि त्या क्रमात चालत जाणे आधी येते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. त्या मी आधी स्वतः चुकलो, मग शिकलो.

क्रम कोणता

बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील तेविसावे आणि चोविसावे वचन आपल्याला पाठ असते, पण त्यातील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली अशी की, अर्पण घेऊन वेदीपाशी उभे असताना "तुझ्या मनात कोणाविरुद्ध काही असेल तर" असे प्रभू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे अशी आठवण झाली तर, असे तो म्हणतो. म्हणजे माझे मन स्वच्छ आहे, मला काही राग नाही, हे उत्तर तिथे चालत नाही. दुसरी गोष्ट अंतराची. हे शब्द गालीलातल्या डोंगरावर उच्चारले गेले आणि अर्पणाची वेदी यरुशलेमात होती. मधले अंतर शंभर किलोमीटरहून अधिक, म्हणजे आपल्याकडे सोलापूरहून विजापूरला पायी जाण्यासारखे. तिथवर पोहोचलेल्या माणसाने अर्पण तसेच ठेवून गावी परत जावे, समेट करावा आणि पुन्हा यावे, असे ते सांगणे आहे. ऐकणाऱ्या गालीली शेतकऱ्याने मनातल्या मनात दिवस मोजले असतील. आपल्याला तर बहुतेक वेळा फक्त जिना उतरायचा असतो.

पहिले काम: तोंड आणि मोबाइल आवरणे

नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात कलहाच्या आरंभाला पाणी सोडून देण्याची उपमा दिली आहे: बांध फुटण्याआधीच थांबा. सव्विसाव्या अध्यायात आणखी एक उपमा आहे, सरपण संपले की विस्तव विझतो. हल्ली सरपण पुरवण्याचे काम व्हॉट्सॲप करते. म्हणून भांडण झाल्यावर पहिले चोवीस तास त्या विषयावर एकही संदेश पाठवू नये. लेखी नाही, आवाजाचा नाही, आणि विशेषतः मंडळीच्या ग्रुपवर वचनाचा तर नाहीच. सकाळी सहा वाजता सगळ्यांसाठी म्हणून टाकलेले "देव गर्विष्ठांना विरोध करतो" अशा अर्थाचे वचन नेमके कोणासाठी आहे, हे त्या ग्रुपातल्या लहान मुलालाही कळते. वचन हे अन्न आहे. ते दगडासारखे फेकू नये.

सूर्य मावळेपर्यंत रागात राहू नका, या इफिसकरांस पत्रातील वचनाचा अर्थ काही घरांत असा लावला जातो की काहीही करून त्याच रात्री विषय संपवायचा. मग रात्री साडेअकराला, दिवसभर कामावरून दमून आलेली दोन माणसे समोरासमोर बसवली जातात आणि भांडण दुप्पट होते. माझ्या समजुतीप्रमाणे ते वचन राग उशाशी घेऊन न झोपण्याविषयी आहे. "आज मी बोललो ते बरे झाले नाही, उद्या संध्याकाळी बसून बोलू," एवढे एक वाक्य झोपण्यापूर्वी पुरे होते.

दुसरे काम: कागद घेऊन बसणे

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ ही म्हण मराठीत इतकी रुळली आहे की ती मत्तयाच्या सातव्या अध्यायातही आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पण मुसळ काढायचे कसे, हे नुसते डोळे मिटून बसल्याने कळत नाही. त्यासाठी कागद लागतो. त्यावर तीन रकाने पाडावेत. पहिल्यात फक्त जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले ते लिहावे. दुसऱ्यात त्यावरून आपण काय ताडले ते. तिसऱ्यात आपण स्वतः काय केले आणि काय बोललो ते.

मी हे केले तेव्हा पहिल्या रकान्यात एवढेच आले की भावाने आमच्या पाळीच्या वेळी तीनदा मोटार लावली. सात महिने मी "तो रोज लावतो" असे सांगत होतो. दुसरा रकाना भरून वाहिला: मुद्दाम करतो, बायकोचे ऐकतो, बाबा गेल्यापासून मला मोजत नाही. तिसऱ्या रकान्यापाशी माझा हात थांबला. कारण भावाशी एक शब्द बोलण्याआधी मी ही गोष्ट आत्याला, दोन चुलतभावांना आणि उपासनेनंतर चहा घेताना पंचांपैकी एकाला सांगून मोकळा झालो होतो.

हा कागद कोणाला दाखवायचा नसतो. तो घेऊन प्रार्थनेला बसावे. आता प्रार्थनेत "त्याला सुबुद्धी दे" हे वाक्य आपोआप मागे पडते, कारण समोर स्वतःच्या अक्षरातला तिसरा रकाना असतो. याकोबाने चौथ्या अध्यायाच्या आरंभी विचारले आहे की तुमच्यात लढाया कोठून येतात, आणि आतल्या वासनांकडे बोट दाखवले आहे. पाण्याच्या भांडणाखाली माझी कोणती वासना होती? बाबांच्या माघारी घरात माझा शब्द चालावा, ही. पाणी हे निमित्त होते.

तिसरे काम: एकट्याने जाणे

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या स्पष्ट आहेत: आधी तू आणि तो, दोघेच असताना. बायकोला सोबत नेऊ नये, मोठ्या मुलाला नेऊ नये, पाळकसाहेबांना तर या टप्प्यावर मुळीच नेऊ नये. साक्षीदार समोर असला की माणूस भावाशी न बोलता त्या साक्षीदाराशी बोलू लागतो.

वेळ अशी निवडावी की दोघांपैकी कोणी उपाशी किंवा घाईत नसेल. पाण्याचा दिवस टाळावा. पहिले वाक्य घरूनच ठरवून न्यावे आणि ते आपल्या चुकीविषयीचे असावे, कारण तक्रारीने सुरुवात केली की समोरचा लगेच आपल्या बचावाला लागतो. "तुला वाईट वाटले असेल तर मला माफ कर" हे माफीचे वाक्य नव्हे. त्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकललेली असते. "मी तुझी गोष्ट तुझ्या आधी आत्याला सांगितली, ते चुकले" हे माफीचे वाक्य आहे. त्यापुढे "पण" जोडू नये. आपली तक्रार सांगायची असतेच, ती दडपायची नाही. मात्र ती माफीला न जोडता, समोरच्याचे ऐकून झाल्यावर, तारीख-वारासह आणि "नेहमी", "कधीच" हे शब्द वगळून सांगावी.

माझा भाऊ चालवायला घेतलेल्या चार मागांवर टॉवेल काढतो. मी दुपारी चारच्या सुमारास त्याच्या शेडमध्ये गेलो. यंत्रमागाच्या शेडमध्ये बोलता येत नाही. खटखटीत शेजारच्याचा आवाजही कानात ओरडल्याशिवाय पोहोचत नाही. त्याने मला पाहिले आणि माग बंद केला नाही. मी दाराशी उभा राहिलो. दहा मिनिटे तरी गेली असतील. बाहेर ऊन, आत सुताची धूळ, आणि परत फिरावे असे मला दोनदा वाटले. मग जवळच्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला. तुटलेला धागा तसाच ठेवून माग चालवला तर कापडभर रेघ उमटत जाते, म्हणून त्याला माग थांबवावाच लागला. तो वाकून धाग्याचे टोक शोधू लागला. मी त्याच्याजवळ जाऊन ठरवलेले वाक्य बोललो. त्याने मान वर केली नाही. गाठ मारली, धागा फणीतून ओढून घेतला, आणि म्हणाला, "दादा, आत्यानेच मला सांगितलं होतं, तू काय काय बोललास ते." त्यानंतर बराच वेळ त्याने माग सुरू केला नाही.

त्या भेटीत सगळे मिटले नाही. पहिल्या भेटीची तेवढी अपेक्षा ठेवू नये. बोलणे सुरू झाले, हेच त्या भेटीचे फळ. भावजयीने चहा आणला तेव्हा मी तिलाही स्वतंत्रपणे म्हटले की तुमच्याविषयी मी जे बोललो ते बोलायला नको होते. पुरुष आपसांत समेट करून मोकळे होतात आणि ज्यांच्या नावाने सगळे चालले होते त्या घरातल्या बायकांना कोणी विचारत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

क्षमा, भरपाई आणि विश्वास

हे तीन वेगळे विषय आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की चांगली माणसेही अडकतात.

क्षमेविषयी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातच निर्दयी दासाचा दाखला आहे. त्याचे राजाकडे दहा हजार तालांतांचे देणे होते, आणि त्याच्या सोबत्याचे त्याला शंभर दिनारांचे. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार; हिशेब केला तर मोठे कर्ज लहान कर्जाच्या सहा लाख पट भरते. प्रवचनात आपण ही तुलना ऐकतो आणि शंभर दिनार म्हणजे किरकोळ असे समजून घरी येतो. ते किरकोळ नव्हते. तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी होती. आपल्या विडी कामगार बहिणीला किंवा मागावरच्या कामगाराला विचारा, तीन महिन्यांची मजुरी बुडणे म्हणजे काय असते. "जाऊ द्या हो, एवढं काय त्यात," असे म्हणून दुखावलेल्या माणसाला क्षमेकडे ढकलणारा मध्यस्थ हा दाखला नीट वाचत नाही. प्रभूने दुःखाची रक्कम शून्य धरलेली नाही. ती खरी आहे हे मानून मग ती सोडायला सांगितले आहे.

भरपाई ही ज्याने चूक केली त्याची बाजू. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जकातदार जक्कय चौपट परत देण्याचे बोलतो. पैसे घेतले असतील तर ते परत करावेत, एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवून कागदावर लिहावेत. बदनामी केली असेल तर ज्यांच्यापुढे केली त्यांच्यापुढेच ती मागे घ्यावी. मला आत्याकडे आणि दोन्ही चुलतभावांकडे जावे लागले. ते भावाकडे जाण्यापेक्षा जड गेले.

विश्वास मात्र मागून मिळत नाही. क्षमा एका दिवशी देता येते, विश्वास पुन्हा कमवावा लागतो, आणि ज्याने उधारी बुडवली त्याला क्षमा केली म्हणून पुन्हा उधारी दिलीच पाहिजे असे शास्त्रात कोठेही नाही.

घर आणि जागेचा वाद असेल तर

लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस प्रभूला म्हणतो की माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांग, आणि प्रभू ते काम नाकारतो. मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमले, असे विचारतो आणि लोभापासून सावध राहायला सांगतो. यातून पाळकसाहेबांनीही शिकण्यासारखे आहे. वाटणीचा प्रश्न कायद्याने सोडवावा आणि लोभाचा प्रश्न प्रार्थनेने.

ख्रिस्ती कुटुंबांत या बाबतीत मोठे अज्ञान आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या भारतीय ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीला भारतीय वारसा अधिनियम, १९२५ लागू होतो. मागे पत्नी आणि मुले असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना सारखे, मुलगा-मुलगी असा भेद न करता. आमच्याकडे आई आहे आणि बार्शीला दिलेली बहीण आहे. म्हणजे आईचा एक तृतीयांश, आणि आम्हा तिघा भावंडांचे प्रत्येकी दोन नवमांश. वकिलांनी हे कागदावर मांडून दाखवले तेव्हा आम्ही दोघे भाऊ गप्प झालो. ज्या घरात कोणाचा शब्द चालावा यावरून आम्ही सात महिने एकमेकांकडे पाहिले नव्हते, त्यात आमचे दोघांचे मिळून निम्म्याहूनही कमी होते.

कोणी स्वखुशीने हिस्सा सोडत असेल तर नुसत्या तोंडी शब्दावर किंवा साध्या कागदावर थांबू नये; हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे लागते. बहिणीने सोडावाच, असा दबाव प्रार्थनेच्या आडून आणू नये. वाद कोर्टात गेला असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत ठेवता येतो. तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. भावाने भावावर खटला भरावा याची पौलाला किती लाज वाटली, हे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. त्या दृष्टीने लोकअदालत ही विश्वासणाऱ्याला शोभणारी वाट आहे.

थोरल्या भावांनी उत्पत्तीचा तेरावा अध्याय एकदा सावकाश वाचावा. भांडण आधी गुराख्यांचे होते, अब्राम आणि लोट यांचे नव्हते. आणि निवड करण्याचा मान अब्रामाने, वयाने व नात्याने मोठा असून, पुतण्याला दिला.

दोघांत मिटले नाही तर

मग आणखी एकदोघांना घ्यावे. ते आपल्या बाजूचे नसावेत. दोघांनाही चालतील असे असावेत, आणि पोटात गोष्ट ठेवणारे असावेत. बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे की एक बोलताना दुसरा मध्ये बोलणार नाही, आणि ऐकणाऱ्याने आधी ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे, मग उत्तर द्यावे. ही एक अट पाळली तरी निम्मे गैरसमज तिथेच गळतात. जे ठरेल ते चार ओळींत लिहून सह्या घ्याव्यात. आणि बोलावले नसताना कोणी मध्ये पडू नये. नीतिसूत्रांनी अशा माणसाला वाटेने जाणाऱ्या कुत्र्याचे कान धरणारा म्हटले आहे.

मंडळीतल्या दोन प्रमुख माणसांचे वाजले असेल तर फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय पाहावा. युवदीया आणि सुंतुखे या दोघींना पौल नावाने विनंती करतो, आपल्या सहकाऱ्याला त्यांना मदत करायला सांगतो, सुवार्तेसाठी त्यांनी केलेल्या श्रमांची आठवण देतो, आणि भांडण कशावरून होते ते लिहीत नाही. मंडळीच्या सभेच्या इतिवृत्तात काय लिहावे आणि काय लिहू नये, याचा याहून चांगला धडा नाही.

शेवटची पायरी मंडळीपुढे नेण्याची. ऐकलेच नाही तर तो तुला विदेश्यासारखा व जकातदारासारखा होवो, हे वचन काही जण बहिष्काराचे फर्मान म्हणून वाचतात. पण जकातदारांशी प्रभू कसा वागला? त्यांच्या पंगतीला बसला.

जिथे एकट्याने जायचे नाही

मारहाण, धमकी, हुंड्यासाठी किंवा दारूपायी होणारा छळ, मुलांवरचा अत्याचार हे "भांडण" नव्हे, आणि वरच्या पायऱ्या तिथे लागू करू नयेत. मार खाणाऱ्या बहिणीला "तू आधी एकटी जाऊन त्याच्याशी बोल, सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर" असे सांगणे हे शास्त्राच्या नावाने केलेले पाप आहे, असे मी स्पष्टच लिहितो. तिला आधी सुरक्षित जागी न्यावे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली तिला संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा आदेश मागता येतो. पाळक आणि पंचांनी अशा वेळी समेटाची घाई करू नये.

आणि काही केल्या मिटत नसेल तर

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात शांतीने राहण्याच्या आज्ञेला दोन अटी जोडल्या आहेत: शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके. म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचे काम आपल्या डोक्यावर नाही. पौल आणि बर्णबा यांचे मार्क या सोबत्याला बरोबर न्यावे की नाही यावरून इतके वाजले की दोघे दोन वाटांनी गेले. प्रेषितांच्या कृत्यांत हे झाकून ठेवलेले नाही. पुढे कित्येक वर्षांनी पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला सोबत घेऊन ये, तो उपयोगी आहे. आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, घर दुभंगले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने त्याच श्रद्धेवर आल्या तोवर १९०० साल उजाडले. दार उघडे ठेवून वाट पाहणे हेही काम आहे: आजारपणात विचारपूस करणे, नाताळचा फराळ पाठवणे, मेल्या-गेल्याला जाणे, आणि उत्तर आले नाही तरी त्याची वाच्यता न करणे.

आमच्या घरी आता मोटारीच्या बटणाशेजारी पाळीचा कागद चिकटवलेला आहे. तो भावजयीच्या अक्षरात आहे आणि आईची पाळी त्यात पहिली आहे. मे महिन्यात पाणी लांबले तेव्हा त्याच कागदासमोर उभे राहून आम्ही दोघे भाऊ पुन्हा बोलाचालीवर आलो. त्या दिवशी संध्याकाळी शेड बंद करून तो वर आला, दारातच उभा राहून म्हणाला, "दादा, माझी अर्धी टाकी आईच्या पिंपात सोडली आहे, तू आता मोटार लावू नकोस." मी पायात चपला घालून त्याच्याबरोबर पिंप बघायला खाली गेलो.